रेघ किती उरते? कॉमिक स्ट्रिपचे संग्रह निवडताना

"मामा, कपाटातली एक फळी रिकामी केलीय आणि थोडे पैसे बाजूला पडलेत. चित्रांची पुस्तकं घ्यायचीत. कॅल्विनचा अख्खा सेट घेऊ की पाच-सहा वेगवेगळी? तुम्हीच सांगा."

म्हापशाहून भाचीचा फोन होता. घरात तिचा अकरा वर्षांचा मुलगा, ती स्वतः, आणि चष्मा कपाळावर चढवून वाचणारे तिचे सासरे. फळी तिघांनाही पुरली पाहिजे. घरी बोलणं कोंकणी, मुलाची शाळा इंग्रजी, सासऱ्यांचं वाचन मराठी. गोव्यातल्या कितीतरी घरांसारखंच घर.

मला विचारायचं कारण एवढंच, की पणजीतल्या एका मराठी दैनिकात मी बरीच वर्षं पेस्टिंगला होतो. संगणकावर पान लागायच्या आधीचा तो काळ. ब्रोमाइड, म्हणजे मजकुराचे आणि चित्रांचे फोटो-कागदावरचे ठसे, कटरने कापायचे, मागून रबर सोल्यूशन फासायचं आणि आखलेल्या पानावर बसवायचे. रोजची कॉमिक स्ट्रिप माझ्या हाताखालून जायची आणि तिचे मी फार हाल केले. संध्याकाळी उशिरा जाहिरात आली की सगळ्यात आधी पट्टी आकसायची. अग्रलेख कधी आकसला नाही. फुग्यातलं इंग्रजी पांढऱ्या पोस्टर कलरने पुसून वर मराठी मजकूर चिकटवायचा, आणि तो मावला नाही तर फुग्याबरोबर मागचं झाडही पुसलं जायचं. एकदा निधनवार्ता बसवायला वेताळाच्या पट्टीची शेवटची चौकटच उडवली. ठोसा कुणाला बसला हे आमच्या वाचकांना कळलंच नाही.

तेव्हापासूनची खोड म्हणा, संग्रह हातात आला की गोष्ट मी नंतर वाचतो, आधी रेघ बघतो. मूळ चित्रात जी रेघ होती तिच्यातली या कागदावर किती उरली? काही चित्रकारांची रेघ टपाल तिकिटाएवढी केली तरी जगते. काहींची पोस्टकार्डाच्या खाली गेली की मरते. मोठी आवृत्ती घ्यायची की लहान, महागडी की साधी, याचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

शुल्झ की वॉटरसन

भाचीचा मूळ प्रश्न बिल वॉटरसनच्या कॅल्विनचा होता, पण त्याच्याशेजारी चार्ल्स शुल्झच्या चार्ली ब्राउनला बसवल्याशिवाय निकाल लागत नाही.

चार्ली ब्राउनची 'पीनट्स' ही पट्टी २ ऑक्टोबर १९५० रोजी सुरू झाली तेव्हा सिंडिकेटने, म्हणजे वर्तमानपत्रांना पट्ट्या पुरवणाऱ्या संस्थेने, ती जागा वाचवणारी पट्टी म्हणून वर्तमानपत्रांना विकली होती. चार सारख्या चौकटी. आडव्या लावा, उभ्या लावा, दोनाखाली दोन लावा. पेस्टिंगवाल्याला आणखी काय हवं! 'पीनट्स' हे नावसुद्धा सिंडिकेटने लादलेलं, चार्ल्स शुल्झना ते कधीच आवडलं नाही. पण त्या आखडत्या जागेत त्यांनी आपली रेघ घडवली. चार्ली ब्राउनचं डोकं म्हणजे एक गोल आणि कपाळावर एक वेटोळं. डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. लहान करा, त्याचं दुःख तेवढंच राहतं.

म्हणून 'पीनट्स'च्या संपूर्ण आवृत्तीला मोठ्या पानाची गरज पडली नाही. फँटाग्राफिक्सने २००४ ते २०१६ या काळात २६ खंडांत ती काढली. आडवे, हातात मावणारे, पुठ्ठा-बांधणीचे खंड. सजावट सेथ या कॅनडाच्या चित्रकाराची, खालच्या सुरात आणि देखणी. एका खंडात दोन वर्षांच्या पट्ट्या, रोजच्या पट्ट्या पानाला तीन, रविवारच्या पट्टीला स्वतंत्र पान. पन्नास वर्षांत १७,८९७ पट्ट्या, त्याही शुल्झनी एकट्याने काढलेल्या, हाताखाली एकही मदतनीस न ठेवता. शेवटची रविवारची पट्टी १३ फेब्रुवारी २०००ला छापून आली आणि आदल्या रात्री ते गेले. १९९९–२००० च्या खंडाला बराक ओबामांची प्रस्तावना आहे.

एक खोट आहे, ती आधीच सांगतो. या संचात रविवारची पानंही काळ्या-पांढऱ्यात आहेत. रंगीत हवी असतील तर त्याच प्रकाशकाची दहा खंडांची वेगळी मालिका आहे. मला स्वतःला शुल्झ रंगाशिवायच आवडतात, पण अकरा वर्षांच्या मुलाचं मत वेगळं पडू शकतं.

बिल वॉटरसनची गोष्ट नेमकी उलट. 'कॅल्विन अँड हॉब्स' १८ नोव्हेंबर १९८५ ते ३१ डिसेंबर १९९५ चालली. एकूण ३,१६० पट्ट्या. या माणसाला जागा हवी होती. तेव्हा रविवारची पट्टी अशा साच्यात काढावी लागायची की वरची ओळ उडवली किंवा चौकटी इकडच्या तिकडे केल्या तरी विनोद चालला पाहिजे. म्हणजे जगभरच्या माझ्यासारख्यांची सोय. १९९१–९२ मध्ये वॉटरसननी मोठी सुट्टी घेतली आणि परतताना अट घातली, की माझं रविवारचं अर्धं पान अखंड छापायचं, नाहीतर छापू नका. संपादक चिडले, पण बहुतेकांनी छापलं. संग्रहात १९९२ च्या आधीचा आणि नंतरचा रविवार शेजारी शेजारी उघडून बघा. आधीच्यात चौकटी रांगेत उभ्या आहेत. नंतरच्यात डायनासोर पानभर धावतो, कॅल्विन खाली कोपऱ्यात एवढासा, आणि मध्ये मोकळं आकाश. हे पान लहान केलं तर उरतं काय?

म्हणून कॅल्विनची अगदी छोटी पुस्तकं टाळा. सुरुवातीच्या काही छोट्या संग्रहांत तर रविवारची पानंही काळ्या-पांढऱ्यात आहेत, आणि विमानतळावर झटकन उचलली जातात ती नेमकी हीच. मोठ्या आकाराचे 'इसेन्शियल', 'ऑथॉरिटेटिव्ह' आणि 'इनडिस्पेन्सेबल' हे संग्रह घेतले तर रविवार रंगीत मिळतो, शिवाय खास त्या पुस्तकांसाठी जलरंगात काढलेली पानंही आहेत.

आणि संपूर्ण सेट? तो दोन रूपांत आहे. २००५ चा तीन खंडांचा पुठ्ठा-बांधणीचा, वजन सुमारे दहा किलो. आणि २०१२ चा चार खंडांचा पेपरबॅक. मजकूर तोच. पुठ्ठ्याचा सेट मी एका मित्राकडे बघितला आहे. काचेच्या कपाटात, देवघरासारखा. त्याचा मुलगा तो काढायला गेला की घरातून आवाज येतो, "जपून!" कॅल्विनसारख्या उपद्व्यापी पोराची गोष्ट मांडी घालून, जपून, हात धुऊन वाचायची म्हणजे कठीण आहे. जमिनीवर पालथं पडून, पाय वर करून वाचता आलं पाहिजे. तेव्हा सेट घ्यायचाच असेल तर पेपरबॅक.

आता सरळ तुलना. 'संपूर्ण' हा शब्द वॉटरसनच्या बाबतीत परवडतो. दहा वर्षांचं, एका हाताचं, स्वतःहून थांबवलेलं काम आहे ते. त्याची खेळणी काढायलाही त्यांनी परवानगी दिली नाही, म्हणजे जे आहे ते पुस्तकातच. शुल्झच्या बाबतीत 'संपूर्ण'चा हट्ट नको. २६ खंडांनी भाचीची फळी भरेल आणि सासरे पुस्तक कुठे ठेवायचं विचारतील. पण प्रत्येक खंड आपल्यापुरता पुरा असल्यामुळे दोन घेऊन थांबता येतं. कुठले दोन? साठच्या दशकातले, त्यातही १९६५–६६ चा हवाच. चार्ली ब्राउनचा कुत्रा स्नूपी आपल्या घराच्या छपरावर बसून पहिल्या महायुद्धातला वैमानिक होतो तो १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये. पहिला खंड ऐतिहासिक आहे वगैरे ठीक, पण पहिल्या वर्षी चार्ली ब्राउन अजून चार्ली ब्राउन झालेला नाही.

भाषेचंही बघायला हवं. शुल्झची इंग्रजी सोपी, वाक्यं आखूड. कॅल्विन सहा वर्षांचा असून प्राध्यापकासारखा बोलतो. अकरा वर्षांच्या मुलाला चित्रं कळतील, निम्मा विनोद पंधराव्या वर्षी कळेल. हा दोष धरायचा की पुस्तक दोनदा वाचलं जाईल असं म्हणायचं, ते घराने ठरवावं.

वेताळ आणि राजपुत्र

माझ्या पिढीला इथे एक नाव कमी दिसेल. ली फॉकचा फँटम, म्हणजे आपला वेताळ. १७ फेब्रुवारी १९३६ ला वर्तमानपत्रात सुरू झालेली ही पट्टी आपल्याकडे १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्समधून घरोघर गेली, मराठीतही. बंगालशी घोटाळा नको म्हणून इंद्रजालने वेताळाच्या देशाचं नाव बदलून डेंकाली केलं आणि सिंग चाच्यांचे सिंगा झाले. आमच्या वाड्यावर एका अंकामागे दहा वाचक असायचे, त्यामुळे अंक परत यायचा तो मुखपृष्ठाशिवाय.

पण इंद्रजाल म्हणजे मूळ पट्टी नव्हे. रोजच्या चौकटी कापून, वाढवून, छाटून त्यांची पानं जुळवलेली असत. म्हणजे पेस्टिंगच, फक्त आमच्यापेक्षा सावकाश केलेलं. जुने अंक आता संग्राहकांच्या भावाने विकले जातात आणि कागद हात लावला तर तुटतो. मूळ पट्टी जशीच्या तशी हवी असेल तर हर्मिस प्रेसने काढलेले रोजच्या आणि रविवारच्या पट्ट्यांचे खंड आहेत. रोजच्या पट्टीचा दुसऱ्या दिवसाचा भाग आदल्या दिवसाची आठवण करून देत सुरू होतो, हे पुस्तकात सलग वाचताना थोडं खटकतं. फँटमचं जग तीसच्या दशकातलं आहे हेही लक्षात ठेवायला हवं. गोरा रक्षक आणि त्याला मानणारं जंगल. मुलाला वाचायला देताना शेजारी बसून दोन शब्द बोलावेत. मी स्वतः भाचीला वेताळ घ्यायला सांगणार नाही. आठवणीसाठी सासऱ्यांना एखादा जुना अंक मिळाला तर उत्तम.

त्याच जागी, त्याच काळातलं, पण वेगळ्या जातीचं काम म्हणजे हॅल फॉस्टरचा 'प्रिन्स व्हॅलियंट'. १३ फेब्रुवारी १९३७ पासून, फक्त रविवारी. राजा आर्थरच्या दरबारातली कथा. यात बोलण्याचे फुगे नाहीत. मजकूर चित्रालगत ओळींनी लिहिलेला, म्हणजे कॉमिक स्ट्रिप म्हणा किंवा सचित्र कादंबरीचं साप्ताहिक प्रकरण म्हणा. किल्ल्याची भिंत, घोड्याच्या मानेची शीर, पाण्यावरचं धुकं, सगळं शाईच्या रेघेतून. या पट्टीचा आकार कमी करायला निघालेल्या माणसाला मी पानाच्या जवळ येऊ दिलं नसतं.

इथे आवृत्ती निवडणं फार सोपं आहे. जुने पेपरबॅक खंड सेकंडहँड दिसतील, स्वस्तही असतील. ते सोडा. फँटाग्राफिक्सने २००९ पासून मोठ्या आकारात जी मालिका काढली ती घ्या. तिच्यासाठी फॉस्टरने स्वतः जपलेली छपाईची प्रूफं वापरली, जी सिराक्यूज विद्यापीठात ठेवलेली आहेत. वर्तमानपत्राच्या कागदावर रंग पसरण्याच्या आधीची ही प्रत. पहिल्या खंडात १९३७ आणि १९३८. हा एकच घ्यावा. कथा दशकानुदशकं चालते, त्यामुळे संपवायच्या भानगडीत पडू नये. आवडला तर दुसरा.

घरचं लेणं

मारिओ मिरांडा गोव्यात सगळ्यांना माहीत आहेत, किंवा माहीत आहेत असं सगळ्यांना वाटतं. चहाच्या कपावर मारिओ, टाइलवर मारिओ, फ्रिजच्या चुंबकावर मारिओ. पण हा माणूस गर्दीचा चित्रकार. बाजार, चर्चचं फेस्त, बस, आणि त्या गर्दीत प्रत्येक चेहरा वेगळा, कोपऱ्यात एक कुत्रा आणि बलकावातून, म्हणजे दारापुढच्या ओसरीतून, बघणारी एक म्हातारी. चुंबकावर त्यातले डाग उरतात. वर्तमानपत्रातही तेच व्हायचं.

म्हणून मारिओ घ्यायचा तर मोठ्या पानाचा. वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांनी सिद्ध केलेला, २००८ मध्ये निघालेला 'मारिओ द मिरांडा' हा ग्रंथ त्यासाठी आहे. महाग आहे, जड आहे, पण गोव्यातल्या माणसाला प्रत्यक्ष बघून घेता येतो, पर्वरीला मारिओ गॅलरीत जायचं. परदेशी पुस्तकांच्या बाबतीत ही चैन नाही. त्याच ठिकाणी मारिओंच्या १९४९, १९५० आणि १९५१ च्या सचित्र डायऱ्याही चाळता आल्या तर चाळा. तरुण वयातलं, कुणाला दाखवण्यासाठी न काढलेलं काम. माझ्या मते मोठ्या ग्रंथापेक्षा एखादी डायरी घरात जास्त वाचली जाते. आणि सचित्र साहित्यच हवं असेल तर मनोहर माळगावकरांचं 'इनसाइड गोवा' (१९८२). लेख त्यांचा, चित्रं मारिओंची. तिथे चित्र मजकुराचं ओझं वाहत नाही, आपलं आपण बोलतं.

मराठीतल्या फळीचं काय? इथे भाची गप्प झाली. मराठीत चित्रांचे संग्रह आहेत हेच कुणी सांगत नाही.

१९२५ साली जन्मलेल्या शि. द. फडणीसांची 'हसरी गॅलरी' ही त्या घरातली एकमेव गोष्ट असेल जी तिघंही एकाच वेळी वाचू शकतील, कारण त्यात वाचायचं काहीच नाही. बिनशब्दांची चित्रं. 'हंस' आणि 'मोहिनी'च्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं ज्यांच्या लहानपणी घरात पडलेली असत त्यांना सांगायला नको. फडणीसांची रेघ शुल्झच्या जातीची. स्वच्छ, लहान झाली तरी टिकणारी. म्हणून साधी आवृत्तीही चालते, फक्त रंगीत हवी.

व्यंगचित्रकार वसंत सरवट्यांचं तसं नाही. त्यांच्या चित्राला बऱ्याचदा मराठी साहित्यव्यवहाराची माहिती लागते. 'ललित' या साहित्यविषयक मासिकातला हातोडा घेतलेला ठणठणपाळ ज्याने पाहिला नाही त्याला निम्मी गंमत कळणार नाही. सासऱ्यांसाठी सरवटे, मुलासाठी नाहीत. मुलासाठी 'चिंटू'. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची, १९९१ पासून 'सकाळ'मध्ये आलेली पट्टी. कॅल्विनशी तिची तुलना लोक करतात, ती दोघांवरही अन्याय करणारी आहे. चिंटू कल्पनेत उडत नाही, तो सोसायटीच्या अंगणातच असतो, आणि त्याची मराठी गोव्यातल्या इंग्रजी शाळेतल्या मुलाला धाप न लागता वाचता येते. संग्रह लहान आणि स्वस्त. खिशात घालून कदंबा बसमध्ये न्यावेत.

दीनानाथ दलाल मात्र संग्रहात कमी सापडतात. मडगावला जन्मलेला हा माणूस मुंबईत जाऊन मराठी मुखपृष्ठाचा चेहराच होऊन बसला. १९४५ साली त्याने 'दीपावली' सुरू केलं. त्यांची रंगीत चित्रं बघायची तर पन्नास-साठच्या दशकातले दिवाळी अंक शोधावेत. पुनर्मुद्रणातले रंग मला नेहमी जरा भडक वाटतात.

सचित्र साहित्याची परदेशी अभिजात पुस्तकं घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. 'ॲलिस'ची जॉन टेनियलची चित्रं स्वस्त आवृत्तीत काळवंडलेली असतात. आणि हे तेच टेनियल, ज्यांना छपाई पसंत पडली नाही म्हणून १८६५ ची पहिली आवृत्ती मागे घ्यावी लागली होती. दुकानात पुस्तक उघडून बारीक आडव्या रेघांची सावली बघा. रेघा मोजता आल्या तर घ्या. सगळी मिळून करडा ठसा दिसला तर परत ठेवा.

सादळ

हे पुण्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही, आपल्याला लागतं. जूनपासून चार महिने आपल्या घरात सगळंच सादळतं, पापडापासून पासपोर्टपर्यंत. गुळगुळीत आर्ट पेपरवर मातीचा थर असतो. तो ओलावला की पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना चित्र सोलून निघतं. जाड, खरखरीत, बिनचकाकीचा कागद वास धरतो, पण चिकटत नाही. मोठे जड खंड उभे ठेवले की पानांचा गठ्ठा स्वतःच्या वजनाने खाली ओघळतो आणि कण्यापाशी सुटतो. व्हॅलियंट आणि मारिओ आडवे ठेवायचे, एकावर एक दोनच. फळी बाहेरच्या भिंतीला टेकलेली नको. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणं सगळ्यात वाईट, आत बुरशीची शेती होते. महिन्यातून एकदा पंख्याखाली पानं उलटली की कसर लागत नाही. वाचणारं घर असेल तर तेवढं आपोआप होतं.

भाचीला मी शेवटी सांगितलं ते असं. कॅल्विनचा पेपरबॅक सेट नंतर, आत्ता फक्त 'इसेन्शियल'. 'पीनट्स'चे साठच्या दशकातले दोन खंड. व्हॅलियंटचा पहिला. फडणीस, आणि चिंटूची तीन-चार. सासऱ्यांना सरवटे. उरलेल्या पैशांत मारिओचा मोठा ग्रंथ बसत नाही, तेव्हा एक डायरी, तीही पर्वरीला जाऊन, मुलाला बरोबर घेऊन. जमल्यास त्याआधी एक शनिवार पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात घालवावा. १८३२ पासूनची संस्था आहे, तिथे मुलाला फिरू द्यावं आणि तो कुठल्या पानावर जास्त वेळ थांबतो ते लांबून बघावं. पट्टीवर थांबला तर यादी ठीक आहे. मोठ्या चित्रावर थांबला तर 'पीनट्स'चा एक खंड कमी करून व्हॅलियंटचा दुसरा घ्यावा.

"आणि लगेच मागवू नकोस," मी म्हटलं. "पाऊस चालू आहे, खोका दारात भिजेल. गणेशचवथ होऊन जाऊ दे."

"म्हणजे तोपर्यंत फळी रिकामीच?"

"तोपर्यंत तिथे चवथीचं, गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान ठेव. नाहीतरी तू ठेवणारच आहेस."